कुलवृत्तांत, गावचा इतिहास आणि वाचन : घराण्याच्या इतिहासकाराच्या साधनांची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन इतिहासाच्या अभ्यासक्रमात घराण्याच्या इतिहासाला स्वतंत्र स्थान नाही. राजघराणी आणि सरदार घराणी यांचा अपवाद सोडला, तर एखाद्या कुळाचा वृत्तांत हा हौशी मंडळींचा, निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळेचा विषय समजला जातो. विद्यापीठीय इतिहासकार आणि घराण्याचा इतिहास लिहिणारा गृहस्थ एकाच दप्तरखान्यात एकाच रुमालावर वाकलेले असतात, पण पहिल्याच्या कामाला संशोधन म्हणतात आणि दुसऱ्याच्या कामाला छंद. हा भेद सर्वस्वी अन्यायाचा आहे असे म्हणता येणार नाही. कुलवृत्तांतांतील अतिशयोक्ती, मूळ पुरुषाच्या शौर्यकथा आणि सूर्यवंशापर्यंत नेऊन भिडवलेल्या वंशावळी पाहता अभ्यासकाने सावध राहणे योग्यच आहे. तथापि या सावधपणाचे रूपांतर उपेक्षेत झाल्यामुळे साधनांचा एक मोठा वर्ग आपण आपल्या हाताने दूर सारला आहे, असे माझे मत आहे. प्रस्तुत निबंधात मराठी प्रदेशातील घराण्यांच्या इतिहासाची साधने कोणत्या गरजेतून निर्माण झाली आणि ती वाचताना कोणते प्रश्न विचारावे लागतात, याचा विचार केला आहे.

वंशावळ कशासाठी लिहिली जाते?

वंशावळ हे निरपेक्ष स्मरण नव्हे. मराठी मुलखात ती बहुधा वादातून जन्माला आली आहे. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत. वतनाचे हिस्से पडत, आणि हिस्सा पडला की भाऊबंदकी आलीच. तंटा गोतसभेपुढे किंवा दिवाणात गेला म्हणजे वादी-प्रतिवादींना आपापला करीना लिहून द्यावा लागे. करीना म्हणजे वतनाची व घराण्याची पूर्वपीठिका, मूळ पुरुष कोण, वतन कोणी संपादिले, कोणाच्या वेळी कोणते अरिष्ट आले याचे निवेदन. साक्षी होऊन निवाडा झाला की महजर तयार होई. कागद व साक्षी दोन्ही अपुरे पडले, तर उकळत्या तेला-तुपात हात घालण्यासारख्या दिव्याचाही अवलंब केला जाई. अशा परिस्थितीत लिहिल्या गेलेल्या करीन्यात घराण्याची स्तुती आणि प्रतिपक्षाची निंदा असणे स्वाभाविक आहे. हा दोष गृहीत धरला की उरलेला मजकूर किती मोलाचा असतो, हे पाहण्यासाठी जेधे घराण्याच्या कागदांइतके चांगले उदाहरण नाही.

भोर परिसरातील रोहिडखोऱ्याची देशमुखी कारीच्या जेधे घराण्याकडे होती. या घराण्याच्या संग्रहातून दोन महत्त्वाची साधने हाती आली, जेधे करीना आणि जेधे शकावली. करीना ही घराण्याची कैफियत आहे. भाऊबंदांच्या हातून झालेला नाईकजी जेधे यांचा खून, तान्ह्या कान्होजीचा बचाव, पुढे शहाजीराजांकडील चाकरी, आणि १६५९ मध्ये अफजलखानाची स्वारी आली तेव्हा कान्होजीने आपल्या पाच पुत्रांसह शिवाजी महाराजांना भेटून वतनावर पाणी सोडल्याचा प्रसंग त्यात आला आहे. आदिलशाहीने मावळातील देशमुखांना खानाकडे रुजू होण्याविषयी फर्माने पाठविली होती. कान्होजीलाही तसे फर्मान आले होते. शेजारचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. म्हणजे ज्या वतनासाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले, तेच वतन गमावण्याचा प्रत्यक्ष धोका कान्होजीपुढे होता. करीन्यातील हा प्रसंग राष्ट्रनिष्ठेचे उदाहरण म्हणून आपण वर्गात सांगतो. तो सांगावाही. पण करीना लिहिणाऱ्याचा हेतू वेगळा होता. ‘आम्ही स्वामिकार्यासाठी वतनावर पाणी सोडले, सबब वतन आमचेच’ असा तो युक्तिवाद आहे. एकाच मजकुरात निष्ठा आणि हक्क अशा दोन गोष्टी एकत्र नांदतात. घराण्याचा इतिहास वाचणाऱ्याला या दोन्ही एकदम दिसल्या पाहिजेत.

शकावलीची गोष्ट याहून निराळी आहे. शके १५४० ते १६१९, म्हणजे इ.स. १६१८ ते १६९७ या काळातील घटनांच्या त्रोटक नोंदी तीत आहेत. लोकमान्य टिळकांच्या हाती ही शकावली आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनातून ती अभ्यासकांपुढे ठेवली गेली. तोपर्यंत शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया अशी रूढ होती. शकावलीत ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी निघाली. एका देशमुख घराण्याच्या कागदावर विसंबून एवढी रूढ तिथी बदलावी काय, असा प्रश्न उभा राहणे साहजिक होते आणि त्यावर दीर्घकाळ वादही झाला. पुढे तंजावरहून उपलब्ध झालेल्या परमानंदकृत शिवभारतात हीच तिथी आढळली. राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला पुष्टी दिली. आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनमान्य आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शकावली खरी ठरली ती जेधे घराण्याच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे, तर परस्परांशी संबंध नसलेल्या साधनांनी तिला दुजोरा दिल्यामुळे. शिवाय महाराजांच्या जन्मतिथीत जेध्यांचा कोणताही वतनी स्वार्थ गुंतलेला नव्हता. ज्या नोंदीत लिहिणाऱ्याचा लाभ नाही, ती नोंद अधिक विश्वसनीय असते. हा नियम नवा नाही, पण कुलवृत्तांत वाचताना तो सतत हाताशी ठेवावा लागतो.

दप्तराची गरज आणि वंशवृक्षाच्या छाटलेल्या फांद्या

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या मालेतील २२ खंडांतील फार मोठा भाग घरोघरच्या दप्तरांतून गोळा झालेला आहे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही हीच जाणीव होती की इतिहासाची साधने सरकारी दप्तराइतकीच वाड्यांच्या माळ्यांवर आहेत आणि ती वाळवी, पाऊस व वाण्याची पुडी या तिन्हींच्या तावडीत आहेत.

दुसरीकडे इंग्रजी अमलात सरकारनेच वंशावळी मागण्यास आरंभ केला. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना मूळ सनद व मूळ सनदी पुरुषापासून आपल्यापर्यंतची परंपरा सिद्ध करणे भाग पडले. सातारचे राज्य १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झाले होते. त्यामुळे दत्तक कोणी, केव्हा, कोणाच्या परवानगीने घेतला हा प्रश्न लहानसहान इनामदारांच्याही जिव्हाळ्याचा बनला. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने वतनदार कुटुंबांची आणि त्यांतील तक्षीमदारांची नोंद करण्याची पद्धत बांधून दिली. पुणे दप्तरात आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षांत आढळणाऱ्या वंशावळींपैकी पुष्कळशा या कारणांनी तयार झाल्या आहेत.

अशा वंशावळीत काय असते याहून काय नसते हे पाहिले पाहिजे. हिस्सेदार असणाऱ्या शाखा तीत येतात. निर्वंश झालेली शाखा ‘नष्टवंश’ एवढ्या एका शब्दात मिटते. पोटासाठी घाट ओलांडून गेलेला, वतनात हक्क न सांगणारा भाऊ तर दिसतच नाही. त्यामुळे दोन पिढ्यांनंतर त्या भावाचे वंशज शोध घेत मूळ गावी आले, तर कागदावर ते परके ठरतात. दप्तरी वंशावळ म्हणजे घराणे नव्हे. तो घराण्याच्या हक्काचा नकाशा आहे. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांनी ही छाटलेली आकृती संपूर्ण वृक्ष समजून छापली, आणि अनेक घराण्यांत तीच आता ‘परंपरा’ झाली आहे.

पिढ्यांचे गणित

वंशावळीची छाननी करण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे पिढ्यांचे अंतर. सामान्यतः एका पिढीस २५ ते ३० वर्षे धरतात. एखाद्या घराण्यात आज हयात असलेल्या वृद्ध गृहस्थापासून वर मोजले असता पाचवाच पुरुष १७६१ च्या पानिपतावर लढला असे सांगितले जात असेल, तर मधली दोनतीन नावे गळाली आहेत किंवा पानिपत नंतर चिकटविले गेले आहे, असा संशय घ्यावा. पण हे गणित सरासरीचे आहे, आणि सरासरी एकेका घराण्यात फसवते. पेशवे घराण्याचेच पाहा. थोरले बाजीराव १७०० मध्ये जन्मले, त्यांचे पुत्र नानासाहेब १७२० मध्ये, नातू नारायणराव १७५५ मध्ये आणि पणतू सवाई माधवराव १७७४ मध्ये. अंतरे २०, ३५ आणि १९ वर्षांची. दुसरीकडे बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव १७३४ चे आणि रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव १७७५ चे. म्हणजे थोरल्या बाजीरावांचा नातू त्यांच्या पणतूपेक्षा वयाने लहान! या तारखा ठाऊक नसत्या आणि केवळ नावांची उतरंड हाती असती, तर आपण दुसऱ्या बाजीरावांना सवाई माधवरावांच्या आधीच्या पिढीतील, वयाने वडील गृहस्थ समजून मोकळे झालो असतो.

दुसरा फसवा भाग नावांचा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल सर्वत्र असल्याने एकाआड एक पिढीत तेच नाव येते. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादेव. वडिलांचे नाव लिहिलेले नसेल तर ‘बाळाजीपंत फडणीस’ हा उल्लेख दोघांपैकी कोणाचा, हे तारखेवरूनच ठरवावे लागते. नाना, बापू, अप्पा, तात्या ही घरगुती नावे तर आणखी घोटाळा करतात. ज्या कुलवृत्तांतात एकच पुरुष ऐंशी वर्षे कारभार करताना दिसतो, तेथे बहुधा आजोबा आणि नातू एकत्र मिसळलेले असतात.

आडनावांवर विसंबणे तर त्याहून धोक्याचे. पेशव्यांचे आडनाव भट. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ आडनाव सकपाळ आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. हुद्दा, गाव, व्यवसाय यांपैकी कशावरूनही आडनाव बदलू शकते, आणि त्याच घराण्याची दुसरी शाखा जुनेच आडनाव चालवीत राहते. म्हणून घराण्याचा शोध हा अखेर गावाचा शोध होतो. गावाचे नाव हाती नसेल तर केवळ आडनावावरून फार पुढे जाता येत नाही.

कालनिर्देशाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण हौशी लेखकांच्या बहुतेक चुका येथे होतात. जुन्या कागदांत शक, फसली, सुहूर, राज्याभिषेक शक अशा अनेक गणना आढळतात. शकात ७८ किंवा ७९, फसलीत ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सुहूर सन आकड्याऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७८, अर्थात १७७७-७८. मोडीतील घसटलेल्या अक्षरांत ‘सबैन’चे ‘तिसैन’ वाचले गेले की कागद वीस वर्षे पुढे सरकतो आणि आजोबांचा कागद नातवाच्या नावावर जमा होतो.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि हेळव्याचे तोंडी दप्तर

वतनाशी संबंध नसलेल्या वंशनोंदींचे एक मोठे भांडार तीर्थक्षेत्री आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण, काशी येथील तीर्थोपाध्याय यात्रेकरूस गाव व आडनाव विचारतात, त्या गावची वही काढतात आणि पूर्वी आलेल्या वाडवडिलांच्या नोंदी दाखवितात. अनेकदा त्या खुद्द यात्रेकरूच्या हस्ताक्षरात असतात. या वह्यांचे ऐतिहासिक मोल १९६६ मध्ये बी. एन. गोस्वामी यांनी आपल्या लेखाद्वारे अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले. हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्यांवरून त्यांनी पहाडी चित्रकारांच्या घराण्यांची परंपरा जुळविली. गुलेरचा चित्रकार नैनसुख याने १७६३ मध्ये स्वहस्ते केलेली नोंद आणि तेथेच काढलेले रेखाचित्र या वह्यांमुळेच उजेडात आले. राजाश्रयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रशैलीचा विचार पुढे कुटुंबाच्या आधारे होऊ लागला, ही कलेतिहासातील मोठी घटना होय.

तीर्थवहीचे आणखी एक वैशिष्ट्य मला विशेष महत्त्वाचे वाटते. श्राद्धविधीत पितृत्रयीबरोबर मातृत्रयीचा, तसेच मातामहांचा उच्चार करावा लागतो. आई, आजी, पणजी यांची नावे आणि आईच्या माहेरची नावे विधीला लागतात, म्हणून ती विचारली जातात आणि पुष्कळ ठिकाणी नोंदविलीही जातात. दप्तरी वंशावळीत जी स्त्री कोठेच नाही, ती तीर्थाच्या वहीत सापडण्याची शक्यता आहे. हक्काच्या कागदाने जिला वगळले तिला पिंडाच्या कागदाने राखले, हा विरोधाभास आपल्या समाजरचनेविषयी बरेच काही सांगून जातो.

दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी हे फिरते वंशकथक आहेत. सुगीनंतर ते गावात येतात, घरोघर त्या कुळाची पिढ्यांची नावे म्हणून दाखवितात, नव्याने जन्मलेल्यांची नावे नोंदवून घेतात आणि धान्य, वस्त्र किंवा भांडे घेऊन पुढे जातात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातील अनेक शेतकरी कुटुंबांकडे वाड्यातील दप्तर नसते, पण त्यांचा हेळवी असतो. हेळव्याच्या सांगण्यात मूळ पुरुष कोणत्या गावाहून निघाला आणि कोणत्या मुक्कामांनी येथे आला याची माहिती येते. ती पौराणिक अलंकारांनी लगडलेली असली, तरी मुक्कामांची गावे व त्यांचा क्रम हा स्थलांतराच्या इतिहासाचा धागा असू शकतो. दुर्दैवाने या समाजाची नवी पिढी या व्यवसायात रमत नाही, आणि त्यासाठी तिला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दगडात कोरलेली आणि जाणून जोडलेली कुळे

वंशावळीचा सर्वांत भव्य मराठी नमुना महाराष्ट्रात नसून तंजावरात आहे. १८०३ मध्ये सरफोजीराजे (दुसरे) यांच्या आज्ञेने बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविण्यात आला. सत्ता इंग्रजांकडे गेलेली होती. १७९९ च्या तहाने राजाकडे किल्ला आणि त्याचा परिसर एवढेच उरले होते. राज्य गेल्यावर वंश दगडावर लिहिला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लेखाचे स्वरूप कळते. त्यातील आरंभीचा भाग इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही, आणि अलीकडच्या पिढ्यांचा भाग टाकून देता येत नाही.

भोसले कुळाचा मेवाडच्या सिसोदियांशी संबंध हा १६७४ च्या राज्याभिषेकापासून चर्चिला गेलेला विषय आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याकडील फर्मानांच्या आधारे तो सिद्ध झाल्याचे काहींनी मानले, तर त्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयीच इतरांनी शंका घेतली. या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच नमूद करावेसे वाटते की क्षत्रियत्वाचा पुरावा मागणारा समाज होता, म्हणून पुरावा शोधला गेला. वंशावळीतील उत्तर तपासताना प्रश्न कोणी विचारला होता हेही तपासावे. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तही उत्तर कोकणातील कुळांच्या याद्या आहेत. तिचा जुना भाग शके १३७०, म्हणजे १४४८ चा. कुळे, गोत्रे आणि गावे नोंदवून ठेवण्याची निकड सत्तांतराने विस्कटलेल्या समाजाला वाटली, हे तीवरून दिसते.

न लिहिलेली नावे

ज्यांच्याकडे वाडा नव्हता, सनद नव्हती, त्यांचा कुलवृत्तांत कसा लिहावा? विसाव्या शतकात मुद्रित झालेले कुलवृत्तांत मोठ्या संख्येने चित्पावन आणि अन्य लेखनजीवी घराण्यांचे आहेत. त्यांत जन्मसाल, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे माहेर, मुलींची सासरे अशी माहिती पद्धतशीरपणे येते. शिक्षणाचा प्रसार, विवाहाचे वय, शहराकडील स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी ते उत्तम साधन आहे. पण ते एका वर्गाचे साधन आहे. त्याच्याच आधाराने ‘मराठी कुटुंबा’विषयी विधाने करणे म्हणजे वाड्याच्या खिडकीतून दिसेल तेवढ्यालाच गाव म्हणणे होय.

तथापि कागद मुळीच नाहीत ही समजूतही बरोबर नाही. महार वतनाच्या नोंदवह्यांत पाळीने काम करणाऱ्या कुटुंबांची व त्यांच्या हिश्श्यांची नावे आहेत. हे वतन १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आले. वेठबिगारीला बांधणाऱ्या त्या नोंदीच आज अनेक कुटुंबांना आपल्या पणज्याचे नाव सांगतात. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे जयस्तंभावर कोरलेली आहेत, त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची महार शिपायांची नावे दिसतात. पलटणींची हजेरीपत्रके, शाळांची जनरल रजिस्टरे, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक, १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झालेली हक्कनोंद, गाव नमुना ६ मधील फेरफार आणि ६-क मधील वारसनोंद ही सर्वसामान्य कुटुंबांची खरी दप्तरे होत.

वारसनोंदीचे फेरफार एका विशिष्ट दृष्टीने वाचून पाहावेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांच्या मृत्यूपश्चात मुलींची नावे वारस म्हणून लागू लागली, आणि अनेक गावांत पुढच्याच एखाद्या फेरफाराने ती हक्कसोडपत्राअन्वये कमी झालेली दिसतात. दोन फेरफारांमध्ये काही महिन्यांचे अंतर असते. एवढ्या काळापुरती ती लेक घराण्याच्या कागदावर असते. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना वंशावळ काढून आणण्यास सांगतो तेव्हा पणजोबांचे नाव बहुतेकांना येते, पणजीचे नाव विचारल्यावर वर्ग शांत होतो. पुढच्या तासाला काहीजण ते नाव घेऊन येतात, आणि ते सांगणारी बहुधा घरातील एखादी वृद्ध आत्या असते. तिचे स्वतःचे नाव मात्र घरातल्या वंशावळीत नसते.

वाचनाचे स्थान

घराण्याचा इतिहासकार हा प्रथम वाचक असतो, हे विधान साधे असले तरी त्याचा विसर पडतो. नावांची यादी जमविणे हे वाचनावाचून होऊ शकते. त्या नावांना अर्थ येतो तो वाचनाने. पूर्वज चौगुला होता एवढे कळून भागत नाही, चौगुल्याचे काम काय, त्याला पाटलाच्या तुलनेत मान कोणता, हे कळण्यासाठी त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) उघडावा लागतो. गावात बाजार केव्हा भरू लागला, घाटरस्ता केव्हा झाला यासाठी जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेली जिल्हा गॅझेटियर्स आहेत. रत्नागिरीचे १८८० चे, पुणे व साताऱ्याचे १८८५ चे. जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश. घराणे कोकणातून देशावर ‘नशीब काढण्यास’ आले असे वृत्तांतात असते. गॅझेटियर वाचणाऱ्याला तेथल्या जमिनीचा कस आणि खोतीची जाचक पद्धत दिसते, आणि नशिबाऐवजी कारणे सुचू लागतात.

हे वाचन गावोगावच्या जुन्या ग्रंथालयांनी शक्य केले आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. अशा ग्रंथालयांच्या कोपऱ्यातील कपाटांत खासगीरीत्या छापलेले, विक्रीस कधीच न आलेले कुलवृत्तांत आणि ग्रामवृत्तांत पडून असतात. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मात्र त्यांची खरेदी किंवा जतन क्वचितच केले. अनुदानाच्या यादीत त्यांचे नाव नसते, हे त्याचे एक कारण असावे.

आजची निकड

घराण्याचा इतिहास आता केवळ आवडीचा विषय राहिलेला नाही. २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानंतर पडताळणीसाठी रक्तसंबंधातील जुने पुरावे आणि वंशावळीचे शपथपत्र सादर करणे हा लक्षावधी कुटुंबांचा अनुभव झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यासह अन्य जिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कार्यालयांतील मोडी कागद वाचणारे जाणकार शोधावे लागले. आरक्षणाच्या प्रश्नावर मतप्रदर्शन करणे हा या निबंधाचा विषय नाही. पण ज्या लिपीत आपले पूर्वज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशेब लिहीत होते, ती वाचणारी माणसे ऐनवेळी हुडकावी लागावीत, ही इतिहासाच्या अध्यापकांच्या दृष्टीने विचार करण्याजोगी बाब आहे.

जेव्हा एका नावावर मुलाचा प्रवेश किंवा नोकरी अवलंबून असते, तेव्हा वंशावळ पुन्हा करीना बनते. ती गरजेपुरती लिहिली जाते आणि गरजेपुरती छाटली जाते. सतराव्या शतकातील देशमुखाने दिवाणापुढे जे केले तेच आज शपथपत्रावर होऊ शकते. आणखी शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक पडताळणी समित्यांच्या संचिका उघडील तेव्हा त्याला सुबक, उभ्या, एकाच शाखेच्या वंशावळी मिळतील. आत्या, निर्वंश काका, परगावी गेलेला भाऊ त्यांत नसतील.

म्हणून ज्या महाविद्यालयांत इतिहास विभाग आहे, तेथे परिसरातील घराण्यांचे कागद मूळ मालकाकडेच ठेवून त्यांची छायाचित्रे घेण्याचे, ती कोणाकडून व केव्हा मिळाली याची नोंद ठेवण्याचे आणि मोडीचे वर्ग चालविण्याचे काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. माळ्यावरचे गाठोडे खाली काढणाऱ्या घरमालकाच्या मनात मात्र एक भीती असते की हे कागद वाचले गेले तर चुलत्यांचा हिस्सा निघेल. ही भीती निराधार नसते, आणि पहिल्या भेटीत तिच्यावर उत्तर सापडत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या भेटीपर्यंत चहा घेऊन परत यावे लागते. पुष्कळदा गाठोडे सुटते ते चौथ्या भेटीत, आणि तेही पुरुष मंडळी शेतावर गेलेली असताना घरातील म्हातारीच्या हातून.